एका हलक्या तव्यासाठी औरंगाबादेस

औरंगाबादेस जाणारी माणसं दोन प्रकारची असतात. वेरूळची लेणी पाहून आल्यावर वर्षभर कुणाला सुखानं जेवू न देणारी, हा एक प्रकार. दुसरी कचेरीच्या कामाला जातात आणि परत आल्यावर काहीच बोलत नाहीत. आम्ही सासूसुना दोन्हींत बसलो नाही. आम्ही निजामाच्या राज्यात गेलो, ते तवा आणायला.

तेही नाशकाहून. आमच्या गावात तांबटांच्या ठोक्यांनी कान किटतात आणि लग्नाच्या खरेदीला लांबलांबून माणसं येतात. अशा गावातल्या दोन बायका दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या नाण्यात, भांडं घ्यायला निघाल्या म्हटल्यावर शेजारणींनी काय समजायचं ते समजून घेतलं. औरंगाबादेस कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय आणि आम्ही ते लपवतोय, असं सगळ्यांचं ठरलं. दोघीजणी तर तोंड बारीक करून निरोप द्यायलाही आल्या.

कारण सांगते. श्रावणात सासूबाई मोरीपाशी घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं लेप लावला, पट्टी बांधली, दक्षिणा घेतली आणि हाड वाकडं बसवलं. चारही कामं त्यानं मन लावून केली. सूज उतरली, हात हलू लागला, पण वजन उचलायची वेळ आली की मनगट ऐनवेळी दगा देई.

आणि वजन म्हणजे आमचा तवा. बिडाचा, बिनदांडीचा, सांडशीत धरून उचलायचा, सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंकडून मिळालेला. घरात चोर आले तर बाकी सगळं नेतील आणि हा जागेवर ठेवतील. या तव्यावर सासूबाई धिरडी करत. पातळ पीठ ओतायचं, तवा उचलायचा, मनगटाच्या एका झोकात गोल फिरवायचा, आणि पीठ कडेपर्यंत पोचायच्या आत परत चुलीवर ठेवायचा. आमच्या आळीत त्या धिरड्यांचं इतकं नाव, की सकाळी कुणाला ना कुणाला आमच्याकडे विरजण मागायचं काम निघेच.

भाद्रपदात एका सकाळी तवा सांडशीतून सुटला. तव्याला काही झालं नाही. फरशी फुटली. सासूबाईंनी सांडशीला दोष दिला, म्हणून नवी सांडशी आणली. मग त्यांनी सरपणाला दोष दिला. त्यानंतर त्यांनी जाहीर केलं की धिरड्यांनी पित्त होतं, आणि करायचीच बंद केली. इतकी वर्षं आम्हां सगळ्यांना पित्त होत होतं, हे आम्हांला तेव्हा कळलं.

मी करते म्हटलं, तर चुलीपाशी फिरकू देईनात. माजघरात बसून निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत. सासूवर जीव टाकणारी सून अशी माझी ख्याती नाही, आळीत कुणालाही विचारा. पण ती तांदळाची परात मला बघवेना. ज्या बाईनं आम्हांला सोळा भानगडींतून फक्त न्याहारीच्या जोरावर ओढून नेलं, ती बाई खडे नसलेल्या तांदळात खडे शोधत होती.

नाशकात हलका बिडाचा तवा कुठं मिळेना. दुकानदारानं ॲल्युमिनियमचा दाखवला. घरी आणला. त्याला सासूबाई पत्रा म्हणाल्या, आणि पहिलं धिरडं त्याला असं चिकटलं की त्यांचंच म्हणणं खरं ठरलं.

अशात दसऱ्याला सासूबाईंचे धाकटे भाऊ आले. यांना आम्ही मामा म्हणतो. औरंगाबादेच्या कचेरीतून पेन्शन घेतलेले. उर्दू उत्तम, फारसी बरी, आणि ठाऊक नाही अशी गोष्ट जगात एकही नाही. त्यांनी सांगितलं, छावणीच्या बाजारात साहेबलोकांचे जुने तवे मिळतात, दांडीचे, कागदासारखे हलके; तुम्ही फक्त या, बाकी माझ्यावर सोडा. मामांवर सोडलेल्या गोष्टींचं पुढं काय होतं याचा घरात बराच अनुभव होता, पण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

सासूबाईंना त्यांच्या हातासाठी तवा म्हटलं असतं तर त्या उठल्याच नसत्या. म्हणून मी माझी मनगटं दुखू लागल्याचं सांगितलं. आडाचं पाणी ओढणारी, पापडाचं पीठ कुटणारी मी एका रात्रीत नाजूक झाले. सासूबाईंनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं, हल्लीच्या मुलींच्या हाडांबद्दल दोन शब्द बोलल्या आणि गाठोडं बांधायला घेतलं. आमच्या ह्यांनी "तव्यासाठी एवढा प्रवास?" असं विचारलं, मग बहुधा धिरडी आठवली असावीत, कारण लगेच तिकिटांचे पैसे काढून ठेवले.

तुम्ही जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. मनमाडला गाडी बदलावी लागते. मोठ्या रुळांवरून उतरून निजामाच्या लहान रुळांच्या गाडीत बसायचं. ह्या दोन गाड्यांची आपसात बोलाचाली नसावी, म्हणून शिदोरी भरपूर घ्या. आमच्याकडं दशम्या, तिळाची चटणी आणि फिरकीचा तांब्या भरून पाणी होतं, कारण सासूबाई वाटेवरचं काही तोंडात घालत नाहीत. हद्द ओलांडली की हाली रुपया सुरू होतो. तो आपल्या रुपयापेक्षा थोडा कमी भरतो. किती कमी, ते समोरचा दुकानदार देतोय की घेतोय यावर असतं. औरंगाबादेच्या ठेसनात करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे लोक गाठोडी सोडायला लावतात. आमच्या गाठोड्यात त्यांना चटणीची पुडी सापडली. कारकुनानं ती उघडून हुंगली आणि शिंकत शिंकत आम्हांला जायला सांगितलं.

पण खरी हद्द मला त्याआधीच लागली होती. रोटेगाव मागं पडलं, खिडकीबाहेर काळी रानं आणि वेचणीला आलेला कापूस दिसू लागला. डब्यात पेरूची पाटी घेतलेली एक बाई चढली आणि कुठं निघालात म्हणाली. सासूबाई सरसावून बसल्या.

"औरंगाबादला. भावाकडं चाललाव. ही सून माझी. लई गुणाची हाय, पण मनगटंच नाय तिला."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. आमच्या घरात सासूबाई जे बोलतात ते अगदी शुद्ध, कडक इस्त्रीचं. माहेर पैठणचं, हे माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या 'लई'ला आमच्या घरचे सगळे पोट धरून हसले होते, हेही घरात गमतीनं सांगितलं जाई. तेव्हापासून त्यांनी तो शब्द उच्चारला नव्हता. तो सबंध बाकीच्या बोलीसकट अजून शाबूत होता आणि रोटेगावच्या पुढं आपोआप बाहेर येत होता. औरंगाबाद येईपर्यंत त्या बाईशी त्यांनी इतक्या गप्पा मारल्या, की उतरताना तिनं दोन पेरू हातात दिले.

ठेसनाबाहेर टांगेवाला म्हणाला, जो चाहे दो. टांग्याचा याहून महाग दर नाही. बसण्याआधी ठरवून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा शेरवानी घालून तयार. गुलमंडीवरच्या भांड्यांच्या दुकानांत ते पुढं आणि आम्ही मागं. मामा आधी दुकानदाराच्या वडिलांची चौकशी करत, मग आजोबांची, मग एखादा शेर ऐकवत, आणि एवढ्यात दुकानदार त्यांना मोठा माणूस समजून भाव वाढवी. पण खरी अडचण भावाची नव्हतीच. इथं जो तो आपला तवा किती जड आहे हेच सांगत होता. एकानं दोन्ही हातांनी उचलून पाटावर आदळून दाखवला. दुसऱ्यानं तराजूत घातला आणि पारडं खाली टेकल्यावर आमच्याकडं असं पाहिलं, जणू आता आम्ही टाळ्या वाजवू. मी हलका हवा म्हटलं की त्यांचे चेहरे पडत. तिसऱ्यानं भातुकलीची भांडी पलीकडच्या गल्लीत मिळतात म्हणून सांगितलं.

दुपारी शहागंजाकडून परतताना नान-कलियाच्या, म्हणजे मटणाच्या रश्श्याच्या, देगांचा वास आला. खाणाऱ्यांनी तो जरूर खावा, लोक त्यासाठी दुरून येतात म्हणे. मामांनी सांगितलं, आपण फक्त वासासाठी या रस्त्यानं जातो. त्या वासापाशी ते इतके रेंगाळले, की सासूबाईंनी त्यांच्या शेरवानीची बाही ओढली. आम्ही घरी येऊन पिठलं-भाकरी खाल्ली. सासूबाईंनी पैठणच्या बोलीत भावाला जे सुनावलं, ते इथं लिहीत नाही.

तिसरा दिवस गुरुवार. छावणीचा बाजार. दौलताबादेच्या रस्त्याला, पडेगावच्या अलीकडं टांगा थांबला. बैल, शेळ्या, दोर, घुंगरं, आणि सगळ्यांच्या कडेला जुन्या सामानाचे ढीग. इथं पलटण बदलून गेली की मेसच्या सामानाचा लिलाव होतो. त्यातलं चांगलं ते मोठे लोक नेतात. उरलेलं वजीरमियाँच्या दुकानात येतं, आणि त्यातलं बरंचसं तिथंच म्हातारं होतं. पायमोड्या खुर्च्या, फुटक्या काचेचे कंदील, एक न्हाणीचा टब, ज्यात सध्या कोंबडी अंड्यांवर बसली होती.

वजीरमियाँ लांब दाढीचा, सुस्कारे टाकणारा माणूस. "क्या होना, बाई?" म्हणाला. मी सांगितलं, दांडीचा तवा, हलका.

"हलका कायकू? पैसा देरे तो भारी लेव."

हे ऐकून मी मागं वळले, आणि तेवढ्यात मला तो दिसला. दुकानाच्या मागच्या भिंतीला, बाहेरच्या बाजूनं, खिळ्याला टांगलेला. काळा, आखूड दांडीचा, दोन्ही कडांना पीठ ओतायला केल्यासारख्या चोची. मी काढून घेतला. एका हातात सहज आला. बीड असूनही कड पातळ, आणि आतून गुळगुळीत, आमच्या तव्यासारखा खरखरीत नाही. त्या क्षणी मला लेणीबिणी काही नको होतं.

वजीरमियाँ हातातली काठी टेकत घाईनं आला. "वो नक्को, बाई. वो मेस का है." त्यानं काठी पुढं केली आणि तवा तिच्यावर अडकवायला सांगितला. स्वतः हात लावेना. साहेबलोक त्यात डुकराचं मांस तळायचे, म्हणून तो बापाच्या काळापासून घराबाहेर टांगलेला होता. मामा खाकरले. साहेबाच्या मेसमध्ये आणखी काय काय शिजतं ते आपण तोंडानं सांगणार नाही, म्हणाले, आणि मग तोंडानंच सगळं सांगितलं. त्यात गाईचंही नाव आलं. सासूबाई दोन पावलं मागं सरल्या. वजीरमियाँही सरला होताच. इतकं एकमत मी आमच्या आळीच्या गणपतीच्या सभेतसुद्धा पाहिलेलं नाही. औरंगाबादेतला एकुलता एक हलका तवा इतकी वर्षं विकला का गेला नाही, ते आता कळलं. मुसलमानाला एका कारणानं चालत नव्हता, हिंदूला दुसऱ्या.

मामा म्हणाले, लोखंड अग्नीनं शुद्ध होतं, लोहाराच्या भट्टीत लाल करून घेऊ. वजीरमियाँनं दाराकडं बोट केलं. दाराच्या कडीत एक तुटकी दांडी अडकवलेली होती. याच तव्याचा जोडीदार एका गिऱ्हाइकाच्या हट्टापायी भट्टीत घातला होता. पातळ बीड, लाल होण्याआधीच दोन तुकडे झाले. म्हणजे शुद्ध करावा तर राहत नाही, आणि ठेवावा तर शुद्ध होत नाही. सासूबाईंनी उजवा हात पदराखाली घेतला आणि शुद्ध नाशिकच्या बोलीत म्हणाल्या, "चला. नाही मिळत म्हणजे नाही मिळत."

मला रडू फुटायचं बाकी होतं. तवा समोर, हात समोर, आणि मधे एक साहेब, जो केव्हाच विलायतेला जाऊन पोचला असेल.

तेवढ्यात दुकानामागच्या गोणपाटाच्या पडद्याआडून आवाज आला, बायांना उन्हात काय उभं केलंय म्हणून. वजीरमियाँची आई. गुडघे धरलेली, खाटेवर बसलेली, तोंडात दात थोडे आणि आवाज मात्र भरपूर. आम्ही दोघी आत गेलो. सासूबाई खाटेपासून बेतानं दूर, उंबऱ्याशी बसल्या. म्हातारीनं ते पाहिलं. तिनं चहापाण्याचं नावच काढलं नाही. टोपलीतून दोन सीताफळं काढून आमच्यापुढं सारली. फळाला विटाळ नसतो, हे तिला आमच्याइतकंच माहीत होतं.

गाव विचारलं. सासूबाई म्हणाल्या, पैठण. म्हातारी खाटेवर पुढं सरकली. "कोन्त्या घाटाच्या अंगाला?" तिचंही माहेर पैठणचं निघालं, विणकरांच्या गल्लीतलं. मग अर्धा तास कुठला पिंपळ पडला आणि कुठली विहीर बुजली याची उजळणी झाली. मामांनी बाहेरून दोनदा खाकरून पाहिलं.

मी माझं सीताफळ फोडून खाल्लं होतं. सासूबाईंचं तसंच मांडीवर होतं. त्या बोलता बोलता ते उजव्या हातानं दाबून पाहत आणि परत ठेवत. पिकलेलं सीताफळ, लहान मूलही फोडील. म्हातारीनं माझ्या मनगटांकडं पाहिलं, मग त्यांच्या.

"तवा सुनंला पायजे, व्हय?"

"व्हय," सासूबाई म्हणाल्या.

म्हातारीनं हात पुढं करून ते सीताफळ उचललं, दोन भाग केले आणि एक भाग त्यांच्यापुढं धरला. शेजारणीनं हात लावलेलं पाणीही न घेणाऱ्या सासूबाई. त्यांनी तो अर्धा भाग घेतला. खाल्ला. बिया सालीत काढून ठेवल्या.

"आता उचलून तर बघा त्याला," म्हातारी म्हणाली. "उचलल्यानं कुनाचा धर्म जात नाय."

मी तवा आणला. सासूबाईंनी पदर हाताला गुंडाळला आणि दांडी धरली. उचलला. क्षणभर तसाच धरला. मग मनगटाच्या एका झोकात गोल फिरवला, पीठ कडेपर्यंत नेल्यासारखा, आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा फिरवला. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते तव्यातल्या धुळीवर ढकलत होत्या.

मग त्या उठून बाहेर आल्या आणि त्यांनी वजीरमियाँची उलटतपासणी सुरू केली. कचेरीत जन्म गेलेल्या मामांनीसुद्धा तशी ऐकली नसेल. डुकराचं मांस तळताना कुणी पाहिलं? वजीरमियाँनं नाही, त्याच्या बापानं. बापानं पाहिलं? नाही, बापानं लिलावात घेतला. मग सांगितलं कुणी? लोक म्हणतात. म्हणजे पाहिलं कुणीच नाही. वजीरमियाँ दाढी कुरवाळू लागला. सासूबाईंनी विचारलं, एखादा साहेब आजारीही असू शकतो की नाही?

वजीरमियाँनं तव्याकडं पाहिलं, मग खिळ्याकडं, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांनी आशा उगवली. असू शकतो, म्हणाला. किंबहुना त्याला आता आठवत होतं, की तो साहेब पोटाचा कच्चाच होता. नुसता पाव भाजून खायचा. मामांनाही आठवलं. हकिमानं त्याला मांस बंद केलं होतं. आतून म्हातारीनं भर घातली, की साहेब मोठा भला माणूस होता आणि फकिरांना पैसे द्यायचा. बोलता बोलता त्या साहेबानं मांस सोडलं, अंडी सोडली, आणि आणखी थोडा वेळ गेला असता तर तो एकादशीही धरू लागला असता. पण तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मग काय अडचण नाय. बांधा."

जुनं लोखंड इथं वजनावर विकतात. वजीरमियाँनं तवा पारड्यात टाकला, पारडं जेमतेम हललं, आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

एवढ्यावर घरी आलो असतो तर प्रवासवर्णन इथंच संपलं असतं. पण साहेब कितीही सोज्वळ असला तरी एकदा गंगेत बुडवून घ्यावा, असं सासूबाईंचं म्हणणं पडलं. गंगा म्हणजे गोदावरी. तीच गोदावरी, जी नाशकात आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर वाहते. हे मी सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "माहेरचं पानी येगळं असतं."

म्हणून चौथ्या दिवशी पैठण. मोटार भरली की सुटते, आणि आत कुणाला श्वास घेता येत नाही याची खात्री पटली की ती भरली असं समजतात. रस्ता धुळीचा, पण पैठणला नदीचा काठ सुरेख आहे. घाटावर बसा, गार वारा येतो, जवळच हातमागांचा खटखटाट ऐकू येतो. सासूबाईंनी तवा तीनदा बुडवला, त्यात पाणी भरून सूर्याला दाखवलं, मग तो ओल्या पंच्यात घट्ट गुंडाळून गाठोड्यात घातला आणि उरलेला दिवस जुन्या ओळखी शोधण्यात घालवला. जन्मभर बिडाचा तवा वापरलेली बाई, ओलं बीड गुंडाळून ठेवू नये हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण शुद्धीच्या वेळी पुसायचं कसं, असा त्यांचा पेच होता, आणि मलाही तो तेव्हा योग्य वाटला.

दुसऱ्या दिवशी मामांच्या घरी गाठोडं सोडलं. तवा नारिंगी झाला होता. जिथं हात लावावा तिथं भुकटी. सासूबाई मटकन खाली बसल्या. "माझ्याच हातानं घालवला गं," म्हणाल्या. मामांनी चष्मा लावून पाहिलं आणि वस्तू भंगारात जमा झाल्याचं जाहीर केलं. मी आयुष्यात पहिल्यांदा मामांना जरा बाहेर बसायला सांगितलं.

मी तवा दाराशी उजेडात नेला, बोटानं वाजवून पाहिला. खणखणीत वाजला. गंज होता, तडा नव्हता. मग विटेचा चुरा आणि नारळाची शेंडी घेऊन मी घासायला बसले. थोड्या वेळानं सासूबाई समोर येऊन बसल्या आणि त्यांनी दांडी धरली. उजव्या हातानं. मी घासत होते आणि त्यांचं मनगट तो जोर सहन करत होतं. गंजाखाली मेसची जुनी चिकट राप होती, तीही गंजाबरोबर पापुद्र्यांनी सुटून येत होती. पलटणीचं जे काही त्या तव्यात उरलं होतं, ते सगळं विटकरी पाण्यातून मोरीत गेलं आणि खाली राखाडी, स्वच्छ बीड दिसू लागलं. गोदावरीनं आपलं काम चोख केलं होतं, फक्त आम्हांला न विचारता.

तुम्हांला असा तवा मिळालाच, तर पुढचं ध्यानात ठेवा. घासून झाला की लगेच कोरडा करा. मंद आचेवर कोमट होऊ द्या, करडईच्या तेलाचा बोळा फिरवा, धुरावला की पुसा, पुन्हा फिरवा. घाई करून एकदम जाळावर ठेवू नका. पातळ बीड रुसतं. आणि देवाच्या नावानंसुद्धा ओला ठेवू नका. आमचा संध्याकाळपर्यंत काळा झाला. मामांनी आत डोकावून, असं होणार हे आपल्याला ठाऊक होतं, म्हणून सांगितलं.

परतताना करोडगिरीच्या त्याच कारकुनानं गाठोडं सोडायला लावलं. तवा उलटसुलट करून पाहिला आणि यासाठी औरंगाबादेस आलात का, असं विचारलं. लेणी पाहिली का, असंही विचारलं. आम्ही नाही म्हटलं. त्यानं आम्हांला न हुंगता सोडलं.

नाशकात सासूबाईंनी आळीत सांगितलं, माहेराहून तवा आणला. कुणी पुढं काही विचारलं नाही. शेजारणींचा थोडा हिरमोड झाला, कारण औरंगाबादेस कुणी गेलंच नव्हतं. पहिलं धिरडं गाईसाठी काढलं. या सगळ्या प्रकरणात हरकत घ्यायचा खरा हक्क कुणाला असेल तर तो तिला होता. तिनं धिरडं खाल्लं, सासूबाईंचा हात चाटला आणि दुसऱ्यासाठी मान पुढं केली. त्यानंतर मी शास्त्राची चिंता सोडून दिली.

आता महिना होत आला. विरजण मागायला येणारे पुन्हा येऊ लागलेत. आम्हां सगळ्यांचं पित्त कुठं गेलं ते कळत नाही. प्रवासातून आमच्याकडं राहिलं म्हणाल तर मला बोहारणीसारखी घासाघीस करायची सवय, ह्यांना मामांबद्दलचा नवा आदर, जो मी अजून मोडून काढलेला नाही, आणि तो तवा.

परवा सकाळी मी चुलीपाशी गेले. सासूबाई पीठ ओतत होत्या. दांडीला फडक्याची घडी, मनगटाचा झोका, पीठ कडेपर्यंत. मी म्हटलं, तवा माझ्या मनगटांसाठी आणला होता, तर मला एकदा तरी वापरू द्या. त्यांनी वर पाहिलं नाही. बाहेरच्या खोलीत ह्यांचे काका बसले होते, एकेकाळी पोट धरून हसलेल्यांपैकी एक, आणि दार उघडंच होतं.

"लई हलका हाय गं," सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. मग जरा थांबून, तेवढ्याच मोठ्यानं, "तुझ्या मनगटांना काय झालंय ते मला पैल्या दिवशी ठावं व्हतं. माझ्यामागं तुझाच हाय तो. तवर हात लावू नको."

बाहेर कुणी हसलं नाही. मी फडताळातून जुना, जड तवा दोन्ही हातांनी काढला, दुसऱ्या चुलीवर चढवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.